फोटोबाहेरचा अंगठा

बाळादादा, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले नाही. कंपनीत स्टोअरच्या खिडकीशी उभी होते, हातात कुणाची तरी चिठ्ठी होती, आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो "सुटले". समोरचा वेल्डर माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, काय बाई आहे. पण त्याने तुम्हाला शेवटच्या तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. नाकाला नळी, उशाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन, आणि पलंगापासून मोरीपर्यंत जाताना मध्ये एकदा खुर्चीवर टेकणं. डोंगरावर माझ्यापुढे वीस पावलं असणारा आणि मागे वळून "अगो, चल की जरा" म्हणणारा माणूस असा पाहवत नव्हता. म्हणून सुटलात असं वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

पण त्या "सुटले"मध्ये मीही होते. गेल्या श्रावणातल्या भांडणानंतर तुमची माफी मागायची राहिली होती. वर्षभर मी ती पुढे ढकलत होते. आज तब्येत बरी नाही, आज पाहुणे आलेत, आज वहिनी समोर आहेत. फोन ठेवला आणि मनात आलं, आता मागावी लागणार नाही. असं मनात आल्याची मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी शिरवण्याला तुमच्या घरी आले ती दारातच चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिले. आत येऊन तुमच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आज हे लिहिते आहे, कारण आता बरं वाटतंय. का बरं वाटतंय ते सांगायला पहिल्यापासून सुरुवात करायला हवी. तुम्हाला लांबण लावलेलं आवडत नाही हे माहीत असूनही मी लांबण लावणार आहे, कारण आता तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आपली ओळख नटबोल्टांवरून झाली. तुम्ही मेंटेनन्सचे फिटर, मी स्टोअरची क्लार्क. तुम्ही चिठ्ठी द्यायचात, मी माल द्यायचे, आणि चिठ्ठीवर माप लिहिलेलं नसलं की मी चिठ्ठी परत करायचे. मापाशिवाय माल नाही, हा माझा नियम. सगळी कंपनी त्यावरून मला नावं ठेवायची. तुम्ही ठेवली नाहीत. तुम्ही खिशातून पेन काढून माप लिहायचात आणि परत द्यायचात. पुढे याच नियमाने तुम्ही मला पकडणार होतात हे तेव्हा कुठे माहीत होतं.

एका जुलैत जेवणाच्या सुट्टीत मी कंपाउंडच्या भिंतीपाशी उकिडवी बसून एका पिवळ्या फुलाचा फोटो काढत होते. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. मला वाटलं हसाल. तुम्ही फोन मागितलात, फोटो पाहिलात आणि म्हणालात की हे खोटं आहे. फूल तिळाएवढं आणि फोटोत सूर्यफुलाएवढं. मी म्हटलं, जवळून काढला की असंच दिसतं. तुम्ही खाली बसलात आणि फुलाशेजारी डाव्या हाताचा अंगठा ठेवलात. त्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, तरुणपणी स्वतःच्याच हातोड्याने. "आता कार," तुम्ही म्हणालात. काढ म्हणजे. तो पहिला अंगठा.

त्याच दुपारी तुम्ही मागच्या डोंगराकडे बोट दाखवून सांगितलंत की भिंतीपाशी काय बसतेस, खरी फुलं तिकडे आहेत. मी परभणीकडची. आमच्याकडची काळी जमीन, पावसात पिकं आणि चिखल. लग्न होऊन नवी मुंबईत आले तेव्हा मला वाटायचं, हे सगळं गाव कुणीतरी पट्टीने आखून बसवलंय, झाडंसुद्धा. सीवूड्सच्या आमच्या बिल्डिंगखाली जे उगवतं ते माळी लावतो. महाप्याच्या कारखान्यांमागे चाळीस मिनिटं चढून गेलं की कुणीही न लावलेलं इतकं काही उगवतं, हे मला सतरा वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. तुम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. तुम्ही म्हणालात, सेक्टरचे लोक वर बघत नाहीत.

लोक बोलले. बाई माणूस रविवारी एका फिटरबरोबर डोंगरावर जाते म्हटल्यावर बोलणारच. तुम्ही गेटवरच्या वॉचमनला सांगितलंत, बहीण हाय माजी, आणि विषय संपवलात. आमच्या घरी यांनी विचारलं, हा माणूस कोण? मी म्हटलं, एकदा या. ते एकदा आले, शेवाळावरून घसरले, दोन दिवस पाठ शेकत बसले आणि पुन्हा कधी विचारलं नाही. वहिनी तर पहिल्याच रविवारी माझ्या वाटणीची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून देऊ लागल्या. मी विचारायचे, वहिनी का येत नाहीत? तुम्ही म्हणायचात, लहानपणी डोक्यावरून लाकडं वाहिली त्या डोंगरातून, आता मजेसाठी कशाला चढेल ती.

असे आपण आठ पावसाळे गेलो. तुम्ही रिटायर झालात तरी रविवार चुकला नाही. फुलांचे तुमच्याकडे दोनच प्रकार होते, खायचं आणि न खायचं. जूनमध्ये शेवळाचा जांभळा कोंब जमिनीतून वर आला की मी फोन काढायचे आणि तुम्ही कोयता. मी म्हणायचे, दोन मिनिटं थांबा. तुम्ही थांबायचात, पण नजर अशी की फोटो काढून झाला एकदाचा की सुटलो. काकडं ही रानातली आंबट फळं घालून केलेली ती शेवळाची भाजी वहिनींनी डब्यात दिली तेव्हा मी फोटोबद्दल बोलणं बंद केलं. न खायच्या फुलांची नावं मी विचारायचे. तेरडा, केणा, कळलावी ही सांगायचात. बाकी बहुतेकांना तुमचं उत्तर एकच, "ह्याला आमी कायच नाय बोलत."

त्यातलंच एक म्हणजे बारकी. डोंगरावर दगडाची जुनी बंद पडलेली खाण आहे, तिच्या सपाट तळावरून पावसाळाभर पाण्याचा पातळ थर वाहतो. त्या ओल्या खडकाच्या भेगांमधून ती येते. पांढरी, गळ्यात जांभळा ठिपका, घंटीच्या आकाराची, आणि तुमच्या मापाने अर्ध नख. फुलं तुम्ही नखात आणि पेरात मोजायचात. पाव नख, अर्ध नख, एक पेर. पुस्तकात शोधून तिचं नाव सापडलं नाही म्हणून आपणच बारकी म्हणू लागलो. दरवर्षी श्रावणात तिला बघितल्याशिवाय आपला पावसाळा पुरा व्हायचा नाही.

आता अंगठ्याकडे येते. माझ्या फोनला एवढं लहान फूल दिसायचंच नाही. त्याच्यामागचं गवत नाहीतर दगड स्वच्छ यायचा आणि फूल धुरकट. तुमचा अंगठा शेजारी आला की फोनला धरायला काहीतरी मिळायचं. वारा असला तर तुम्ही तर्जनी आणि अंगठ्यात दांडी अलगद धरायचात, मग तर फोटो असा यायचा की पाकळीवरची शीर मोजावी. आणि घरी जाऊन मी पहिलं काम काय करायचे, तर अंगठा कापून टाकायचे. कामापुरता मामा म्हणतात ते हेच.

यावरून आपण किती भांडलो. माझं म्हणणं, नवरीचा फोटो काढताना शेजारी शिंप्याला उभं करत नाहीत. तुमचं म्हणणं, "स्टोअरात बिना मापाचा बोल्ट देत नाय, आन् फूल बिना मापाचं दावतंस?" यावर मी जास्तच चिडायचे. आमच्या विहाराच्या वाचनालयात मी आपल्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावलं होतं तेव्हा तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. प्रत्येक फोटोपुढे उभे राहून येणाऱ्याला विचारत होतात, केवरं आसंल सांगा. कुणी म्हणे वाटीएवढं, कुणी म्हणे तळहाताएवढं. तुम्ही माझ्याकडे बघायचात. मी पाहुण्यांना चहा देत असल्याचं नाटक करत होते.

गेल्या श्रावणात मी बारकीचा एक फोटो फुलांचे फोटो टाकणाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवला. अर्थातच अंगठा कापून. ग्रुपवरच्या एका जाणत्या गृहस्थांनी जाहीर केलं की हे घाटावरचं मोठं फूल आहे, चांगलं मूठभर आकाराचं, आणि या बाजूला ते कुणी पाहिलेलं नाही. झालं. धडाधड अभिनंदनं. मी त्यांना माप सांगायला हवं होतं. एक ओळ लिहायची होती, हे नखाएवढं आहे म्हणून. पण आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या फोटोला एवढं महत्त्व देत होतं, आणि मी ती ओळ लिहिली नाही. ग्रुपने रविवारी यायचं ठरवलं. मी तुम्हाला फक्त एवढंच सांगितलं की माणसं बारकी बघायला येताहेत. तुम्ही खूश होऊन दाढी करून आलात.

बारा-तेरा जण होते. चांगले बूट, मोठे कॅमेरे, पाठीवर पिशव्या. तुम्ही त्यांना खाणीपाशी आणलंत आणि हाताने दाखवलंत, हे बघा. ते सगळे तळावर उतरले आणि शोधायला लागले. मूठभर फूल शोधत होते ते. पायाखाली बघतंय कोण. एक बाई माझ्याकडे वळून विचारत होत्या, कुठे आहे हो, आणि त्यांच्या बुटाखाली दहा-बारा बारक्या खडकाला चिकटल्या होत्या. तुम्ही "सरा, सरा" म्हणत पुढे गेलात, कुणाला ते कळलं नाही. शेवटी कळलं तेव्हा ते गृहस्थ खाली वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, अरे, हे होय. दहा मिनिटांत सगळे निघाले. भेगांमध्ये जे उरलं होतं ते मोजायला तुम्ही गुडघ्यावर बसलात.

उतरून आपण पायथ्याच्या टपरीवर बसलो. चहा आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात की अंगठा असता तर ही चूक झाली नसती. खरं होतं, म्हणूनच मला झोंबलं. मी तोंडाला येईल ते बोलले. मी म्हटलं, "तुमचा अंगठा मी सगळ्या फोटोंतून उडवलाय. एकाही फोटोत तो नाही, आणि फोटो चांगले आलेत ते त्यामुळेच."

तुम्ही ग्लास खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत, हे मला जास्त लागलं. "माजे बापानं अंगठा लावला नि जमीन गेली," तुम्ही म्हणालात. "मी अंगठा ठेवतंय तो काय ऱ्हायलंय ते मोजाला. तू त्यो पन कापलास."

तुमचे वडील लिहायला शिकलेले नव्हते, शहर बसवायला जमीन गेली तेव्हा कागदावर त्यांचा अंगठा होता, हे मला उडत उडत माहीत होतं. पण त्या अंगठ्याचा आणि या अंगठ्याचा संबंध तुमच्या मनात असेल हे आठ वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही उठलात आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत निघालात. मी अलीकडच्या बाजूने. मोठ्या रस्त्याच्या वळणापर्यंत आपण तसेच समांतर चाललो. तुमच्या हातात वहिनींचा डबा होता, त्या दिवशी तो उघडलाच नव्हता.

दिवाळीनंतर कळलं की तुम्हाला दम लागतोय. मग तपासण्या, मग फुप्फुसं, मग ते मशीन. मी येत राहिले. आपण बोलत राहिलो, कंपनीचं, भाज्यांचं, तुमच्या गॅलरीतल्या कावळ्याचं. भांडणाचं नाव दोघांनी काढलं नाही. मी माफी घोळवत यायचे आणि तशीच परत न्यायचे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यातली ती दुपार मात्र मला सोडत नव्हती. तुमचा पलंग खिडकीला लावलेला होता आणि खिडकीतल्या कुंडीत न लावता आंबुशी उगवली होती. तिला एक पिवळं फूल आलं होतं. वहिनी आत होत्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग हळूच हात उचललात आणि त्या फुलाशेजारी अंगठा ठेवलात. बोट वाळलेलं, पण नखाची चीर तीच. तुम्ही थांबलात. फोन माझ्या पर्समध्ये होता, पर्स मांडीवर. मला माहीत होतं तुम्ही काय म्हणताय. मला हेही माहीत होतं की फोन काढला तर मी तिथेच रडायला लागेन. मी म्हटलं, पाऊस येईलसं दिसतंय, निघते आता. तुम्ही हात मागे घेतलात आणि म्हणालात, छत्री आहे ना? त्यानंतर तुम्ही अकरा दिवस होतात. मी दोनदा आले, पण तुमचा हात पांघरुणाखाली होता.

बाराव्याला जेवणं उरकल्यावर वहिनींनी मला मागच्या खोलीत नेलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. त्या म्हणाल्या, "अगो, तुजेकरं त्यांचे हाताचा फोटू हाय का? त्वांडाचं मजेकरं खूप हायेत." मग त्यांनी सांगितलं की लग्नात त्यांनी मान वर केलीच नव्हती. घरात मोठी माणसं होती, तशी रीत होती. नवरा म्हणून त्यांनी आधी पाहिला तो तुमचा हात. हळदीने माखलेला आणि अंगठ्याला चिंधी बांधलेला, कारण आदल्याच आठवड्यात हातोडा बसला होता. तोंड दुसऱ्या दिवशी पाहिलं. "तू एवरं फोटू कारलंस त्यांचे संगती," त्या म्हणाल्या, "यकात तरी आसंल."

मी म्हटलं, बघते. दादा, आयुष्यात एवढा जड शब्द मी उचललेला नाही. आठ वर्षं जो हात माझ्या प्रत्येक फोटोत होता तो मी एकेक करून काढून टाकला होता, आणि वर तुमच्या तोंडावर ते सांगितलंही होतं. आता ज्या बाईने आठ वर्षं मला भाकरी बांधून दिली तिला मी काय सांगणार होते? सीवूड्सला घरी येईपर्यंत मी रिक्षात फोन हातात धरून बसले होते, पण उघडायची हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी कुकर लावला आणि ओट्याशी उभी राहून फोटो बघायला लागले. विचार केला, एखाद्या फोटोत कोपऱ्यात नखाचा तुकडा तरी राहिला असेल. बारकीचा तोच तो ग्रुपवर पाठवलेला फोटो उघडला. खालच्या कडेला काहीतरी तपकिरी दिसत होतं. ते मोठं करून बघायला म्हणून मी बदल करायची खूण दाबली, मग क्रॉपची, आणि चौकट सरकवायला गेले तर चौकटीच्या बाहेर बाकीचा फोटो फिकट रंगात उघडला. खडक, पाणी, आणि तुमचा अख्खा अंगठा. खाली फोन विचारत होता, मूळ फोटो परत आणू का?

मला वाटायचं क्रॉप म्हणजे कात्री. एकदा चालवली की कापलेलं गेलं केराच्या टोपलीत. फोनने काहीच फेकलं नव्हतं. आठ वर्षं मी तुम्हाला बाहेर काढत होते आणि तो तुम्हाला तिथेच चौकटीच्या कडेला उभं करून ठेवत होता. मी दुसरा फोटो उघडला. होता. तिसरा. होता. मी खाली फरशीवर बसले आणि "हुश्श" म्हटलं, इतक्या मोठ्याने की हे आतून विचारायला आले काय झालं. कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्या नाहीत. त्या दिवशीच्या भाताचा लगदा आम्ही लोणच्याबरोबर खाल्ला आणि मला तो फार चांगला लागला.

दुपारी शिरवण्याला आले. वहिनींच्या शेजारी पलंगावर बसले, तोच तुमचा खिडकीपाशीचा पलंग, आणि एकेक फोटो उघडून खालची ती ओळ दाबत गेले. दर वेळी फूल लहान व्हायचं आणि अंगठा यायचा. पहिले चार-पाच वहिनींनी नुसते पाहिले. मग त्या अंगठ्यावरचे डाग आणि खुणा वाचायला लागल्या. ही हळद पुतणीच्या लग्नाची. हा चुना, चोरून तंबाखू खायचे तेव्हाचा, मला म्हणायचे सोडली. हे कोयत्याचं, फणस फोडताना. एका फोटोत अंगठ्याला निळा रंग होता, तो घराच्या दाराचा, आणि तो रंग कोणी पसंत केला यावरून तुम्हा दोघांत काय झालं तेही मला ऐकावं लागलं. मी ज्यांना फुलांचे फोटो समजत होते ती वहिनींच्या संसाराची आठ वर्षं होती. त्या रडत होत्या आणि मध्येच हसत होत्या. शेवटी माझ्या हातून फोन घेऊन स्वतःच दाबायला लागल्या.

त्या अंगठ्यांकडे बघत होत्या आणि मी फुलांकडे. आणि दादा, तुम्हाला हे ऐकायला फार आवडलं असतं म्हणून सांगते, मला पहिल्यांदाच कळलं की ती फुलं किती लहान होती. कापलेले फोटो बघून बघून मीसुद्धा त्यांना मोठी समजायला लागले होते. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना कशाला नावं ठेवायची? तुमचं बरोबर होतं. माझे फोटो सुंदर होते आणि खोटे होते. तुमचे ओबडधोबड होते आणि त्यांच्यात फूल किती, माणूस किती, सगळं होतं. ही माफी आहे. उशिरा आली, पण आली. वहिनींसमोरही मागून झाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही भांडणाबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त त्या दिवशी डबा न उघडता परत आला म्हणून त्या तुमच्यावर चिडल्या होत्या, आणि तुम्ही म्हणाला होतात की सुजाताला आज भूक नव्हती.

वहिनींना एक फोटो छापून भिंतीवर लावायचा होता. त्यांनी बारकीचा निवडला, तोच तो. आम्ही दोघी नेरूळला फोटो स्टुडिओत गेलो. काउंटरवरच्या माणसाने फोटो पाहिला आणि चांगुलपणाने म्हणाला, "आंटी, बोट आलंय मध्ये. काढून टाकू?" मला घाम फुटला. वहिनी म्हणाल्या, "फूल काढलास तरी चालंल. बोट ऱ्हाव दे." तो बिचारा आमच्याकडे बघत राहिला. दोन बायका स्टुडिओत एकमेकींना धरून हसताहेत, डोळे पुसताहेत, आणि फोटोत आहे काय तर एक अंगठा. आता तो तुमच्या हार घातलेल्या फोटोच्या शेजारी आहे. येणारे जाणारे विचारतात. वहिनी सांगतात, ह्ये त्यांचं त्वांड, नि ह्ये त्ये सोता.

गेल्या रविवारी मी डोंगरावर निघाले होते. बारकी उरली असेल की नाही याची धास्ती होती, म्हणून एकटीच जाऊन बघून येणार होते. वहिनींचा फोन आला, मी पण येतंय. मजेसाठी कशाला चढेल, असं तुम्ही म्हणायचात. दादा, त्या माझ्यापुढे तीस पावलं होत्या. साडीचा ओचा खोचलेला, पायात रबरी चपला, हातात डबा. मागे वळून बघतसुद्धा नव्हत्या. वाटेत एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, इथे आम्ही मोळ्या टेकवायचो. तुम्ही मला ती जागा कधी दाखवली नव्हती. तुम्हाला माहीत नसावी.

खाणीच्या तळावर पाणी वाहत होतं. मी काठावरच थांबले, पाय टाकायची भीती वाटत होती. वहिनींनी चपला काढल्या, चार पावलं आत गेल्या आणि खाली बघून म्हणाल्या, ही का? होती. भेगाभेगांतून होती, त्या बारा-तेरा जणांनी जिथे शोधलं होतं तिथे तर जास्तच. बियांना बुटांचं काही वाटलं नव्हतं. वर्षभर मी उगाचच त्यांचा खून डोक्यावर घेऊन फिरत होते. तुम्हाला बहुतेक माहीत असणार, आठ श्रावण ती दरवर्षी येताना तुम्ही पाहिली होती. मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत.

मी फोन काढला आणि सवयीने वाट बघितली. शेजारून हात आला. तुमच्याहून लहान, बांगड्यांचा, अंगठ्याला पिठाचा वास. वहिनींनी अंगठा बारकीशेजारी ठेवला. मी फोटो काढला आणि दोघींनी मिळून पाहिला. वहिनींचं नख लहान, त्यामुळे बारकी त्याच्या शेजारी चांगली पाऊण नखाची दिसते. वहिनी म्हणतात हेच बरोबर, तुम्ही अर्ध नख सांगत होतात ते चूक. मी म्हटलं, आता कुणाशी भांडायचं ते तुम्हीच ठरवा. फोटो कापला नाही. फूल तेवढंच आहे, दादा.